ओळखीचा आवाज

आईला ताडकळसहून मी डॉक्टर आहे त्याच आयसीयूत आणलं, तेव्हा रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. त्यातून निभावली, पण शुद्धीवर आली ती भलतंच बोलत. "शेळ्या तुरीत शिरल्यात, सोडा मला" म्हणत नळ्या उपटायची. अशा पेशंटचे हात बांधायचे, गुंगीचं औषध द्यायचं आणि नातलगांना बाहेर बसवायचं, ही आमची जुनी पद्धत.

मी नवं संशोधन वाचते, आणि वाचते हे सगळ्यांना सांगतेही. त्यात हल्ली सारखं येतं, की भ्रमातल्या पेशंटला चष्मा द्या, दिवसाचा उजेड द्या, जवळ ओळखीचं माणूस बसवा. मी आमच्या मोठ्या डॉक्टरसरांना ऐटीत म्हणाले, "बांधू नका. ओळखीचं माणूस मी आहे ना!"

कसलं काय! मी हात धरला की आई म्हणायची, "डॉक्टरीणबाई, माझी सून कुटं हाय?" दुपारी तिनं सलाईनची सुई ओढून काढली. सर म्हणाले, आता मात्र बांधावं लागेल.

झक मारत मी धाकट्या भावाच्या बायकोला आत घेतलं. ती आली तशी खेकसलीच, "आत्या, गप पडा बरं. शेळ्या बांदल्यात मी. काळी लय वरडायली व्हती, तिला पाला टाकलाय."

आणि आई गप पडली की हो!

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. आईला बरं वाटतंय याचा आनंद व्हायचा सोडून मी तिथं उभ्या उभ्या जळत होते. लेक मी, वाचलं मी, परवानगी काढली मी, आणि ओळखीचा आवाज हिचा! भावजय जेवायला गेली तेव्हा मीही करून पाहिलं, "आई, काळीला पाला टाकलाय." आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला काय कळतंय शेळ्यातलं?"

पुढं एका सकाळी तिचा भ्रम ओसरला. चष्म्यातून माझ्याकडे बघून चेहरा खुलला तिचा.

"अगं बया! तू कवा आलीस?"

इतके दिवस मी तिच्या खाटेजवळून हलून घरीसुद्धा गेले नव्हते.

आई सुनेकडं वळली, "बगत काय बसलीस? लेक आलीय माजी. च्या ठेव की तिला."