चौकटीवरचा हात

अंबडच्या कारखान्यांच्या वस्तीत आमची खोली पत्र्याची होती. एक दार, खिडकी नाही. वडील ओतकामाच्या कारखान्यात हेल्पर होते. आई एका वर्कशॉपात लोखंडी भागांची धारदार कड कानशीनं घासायची. कड राहिली की गेली हे ती बघत नसे, अंगठा फिरवून सांगायची. उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी बसवत नसे. मी आणि माझा मोठा भाऊ मागच्या कंपनीच्या भिंतीच्या सावलीत अभ्यासाला बसायचो. सावली सरकली की आम्हीही सरकायचो. बारावीनंतर काय करायचं हे घरात कुणाला विचारून उपयोग नव्हता. कुणालाच माहीत नव्हतं.

त्या सावलीतून भाऊ खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत गेला, तिथून नौदलात, आणि नौदलात हेलिकॉप्टरचा पायलट झाला. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातून कॉलेजच्या फाटकात पाय ठेवणारी पहिली मी, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. भाऊ तर माझ्याआधी सांगायचा. "मला सरकारनं धरून शिकवलं, सुमी स्वतःहून शिकली," असं त्याच्या मोठमोठ्या साहेबांपुढे म्हणायचा.

त्याची एक सवय सगळ्यांच्या लक्षात यायची. कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी दाराच्या चौकटीवर हात ठेवायचा. माझ्या लग्नात हॉलच्या दाराशीही ठेवला. सासूबाईंना वाटलं, नमस्कारच करतोय. "केवढा साहेब, पण किती नम्र," त्या म्हणाल्या. नमस्कार नव्हे, एवढं मला माहीत होतं; पण फुकटचं कौतुक कशाला घालवा.

खरं कारण त्यानं मला नंतर सांगितलं. हेलिकॉप्टरचं जड इंजिन वर असतं, त्यामुळे ते पाण्यात पडलं की उलटं होतं. म्हणून पायलटांना एका केबिनमध्ये पट्ट्यांनी बांधून, डोळे झाकून, टाकीत उलटं बुडवतात. वर कुठलं, खाली कुठलं, काही कळत नाही. "अशा वेळी एका हातानं चौकट धरायची," तो म्हणाला. "दुसऱ्या हाताला पुढचं काहीतरी सापडेपर्यंत पहिला सोडायचा नाही. घाबरून दोन्ही सोडले की संपलं."

नोकरीतलं तो फारसं बोलत नसे. वादळात बुडणाऱ्या होडीवरून त्यानं मच्छीमारांना वर काढलं, त्याचं पदक मिळालं. आईनं ते साड्यांच्या घडीत ठेवलं. "भीती नाही वाटली?" मी विचारलं. "वाटली ना. पण हात कामात होते," एवढंच म्हणाला.

वडील गेले, आणि मग साखरेच्या आजारानं आईचे डोळे गेले. तोवर पत्र्याच्या जागी दोन पक्क्या खोल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, माझ्याकडे चल. भाऊनं क्वार्टरवर बोलावलं. आई हलेना. "तुमच्याकडं मी पाहुनी. हितं माझा हात सगळीकडं फिरलाय." भाऊ महिन्याची रजा काढून आला आणि पहिल्याच दिवशी पलंगापासून मोरीपर्यंत जाड दोर बांधून मोकळा झाला.

आईनं तो चाचपला. "मी काय म्हस हाय का रे, दावं बांधाया?"

"आई, जहाजावर असंच असतं."

"मंग जहाजावर जा."

भाऊनं दोर सोडला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईच्याच मोठ्या रुमालानं स्वतःचे डोळे बांधले आणि घरात फिरू लागला. दोनदा कपाटावर आपटला. सायंकाळी तसाच चहा केला. आईनं एक घोट घेतला. "लय भारी झालाय साहेब. फक्त साखर समजून मीठ घातलंय." दोघं हसत राहिले.

मग रोज दोघांचा सराव. चौकट, कपाटाची कड, ओट्याचा कोपरा. "दुसऱ्या हाताला सापडलं का?" तो विचारायचा. "सापडलं." "मग सोड पहिला." रजा संपेपर्यंत आई मोरीपर्यंत जाऊ लागली. गॅसजवळ मात्र मी तिला जाऊ दिलं नाही. माझा धीरच होत नव्हता. रोज सकाळी जाऊन मीच चहा करायचे.

दोन वर्षांनी भाऊच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो वहिनीला म्हणाला, मला अंबडला ने. आईच्या पलंगावर त्याला झोपवलं. अंग इतकं वाळलं होतं की गणवेश त्याचा वाटला नसता.

एका दुपारी तो म्हणाला, "आई, चहा कर."

मी उठले. त्यानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "सुमे, बस."

आई उठली. चौकट, कपाट, ओटा. काडी ओढल्याचा आवाज आला. भाऊ मान वळवून एकटक बघत होता. खूप वेळ लागला. मग एका हातात कप, दुसरा हात कपाटाच्या कडेवर, अशी ती आली. भाऊनं दोन घोट घेतले. तेवढेच गेले.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"पास."

"साखर हाय त्यात. तुझ्यासारखं नाय केलं."

चौथ्या दिवशी भाऊ गेला. वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत आली, नौदलाचीही पांढऱ्या कपड्यांत. मानवंदना झाली, बिगुल वाजला. घडी केलेला तिरंगा वहिनीनं आईच्या मांडीवर ठेवला. आईनं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रडली ती नंतर, सगळे गेल्यावर.

माझा भाऊ नौदलात कमोडोरच्या हुद्द्यापर्यंत पोचला होता. आई अंबडच्या त्याच घरात एकटी राहते. सकाळचा चहा ती स्वतः करते. मी गेले की मलाही देते.