अँटेना आधीच उतरवली होती

अण्णांचा रेडिओ सेट काढायचं माझ्या बायकोनं ठरवलं, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. ते खोटं आहे. ठरवलं मी. तिनं फक्त पाहिलं होतं. ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली, तेव्हा अण्णा सेटच्या पॉवर सप्लायचं झाकण उघडून, आतला दिवा लागलेला असताना, पक्कड घेऊन वाकले होते. "मामा, आधी हात काढा!" ती ओरडली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. त्यांनी हात काढला आणि तिलाच विचारलं, "चालू कोणी केला हा?"

अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि उरलेला वेळ या सेटला दिला. परवाना काढून घरातून रेडिओवर बोलायचा हा छंद. सेट त्यांनी स्वतः जोडलेला, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. निवृत्तीनंतर रोज सकाळी ठरलेल्या वेळेला जालना, नांदेड, पार कर्नाटकापर्यंतची चार-सहा म्हातारी माणसं हवेवर जमायची. कोण कसा आहे, कोणाचा गुडघा दुखतो, पाऊस झाला का, एवढंच बोलणं. आता अण्णांची स्मृती जात चालली आहे. जेवण झालं की नाही ते आठवत नाही, पण त्या सकाळच्या वेळेला ते बरोबर खुर्चीवर असायचे.

पॉवर सप्लायच्या त्या लोखंडी डब्यात घरच्या विजेच्या कितीतरी पट दाब असतो. त्यात गच्चीवरचा अँटेनाचा खांब वाऱ्यानं रस्त्याकडं कलला होता आणि खाली विजेच्या तारा. शहागंजातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं डबा दुरूनच पाहिला. "छत का काम बोलो, करता मैं. इस डब्बे को हात नै लगाता. अपने वालिद को पूछो, उनोंच बनाए ना?"

वीज मंडळाच्या वायरमननं गल्लीतली वीज बंद केली ती सकाळीच, थोड्या वेळासाठी. अण्णांना नाश्त्यानंतर डुलकी लागली होती. त्यांना उठवून सांगावं, असं मनात आलं. पण ते गच्चीवर येणार, वाद घालणार, तोल जाणार, असं मी स्वतःला समजावलं. मी आणि इलेक्ट्रिशियननं अँटेनाची तार सोडली, खांब दोरानं आडवा घेतला, खाली जाणारी केबल कठड्यापाशी कापली. इलेक्ट्रिशियन गेला. वीज आली. मला फार हलकं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

अण्णा उठले तेव्हा मी सेटजवळ पेचकस घेऊन उभा होतो.

"काय चाललंय?"

"दुरुस्तीला द्यावा म्हणतो, अण्णा."

"कोणाकडं? हा माझ्याशिवाय कोणाला कळतोय?" ते हसले. मग माझ्याकडं बघत राहिले. "बंद करायचाय व्हय?"

मी मान डोलावली. मला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल. झाला नाही.

"कर. मलाबी आता भरवसा नाय माझा. पण सांगून बंद करू. न सांगता आवाज गेला की आमच्यात माणूस गेला असं धरतात. कशाला लोकांच्या जिवाला घोर?"

त्यांनी खुर्ची ओढली, स्विच टाकला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबडे झाले. तेव्हाच बोलायला हवं होतं: अण्णा, अँटेना नाही, वरची तार मी मघाशीच कापली. एवढं एकच वाक्य. आवाज बाहेर जातोय का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा कधीचाच अडकलेला, त्यामुळं त्यांना कळायला मार्ग नव्हता. आणि मी पाहिलं की ते राजी झालेत. आता काही बोललो तर बिघडेल, म्हणून मी गप्प राहिलो. काळजीपोटी नव्हे, सोयीपोटी.

त्यांनी माइक घेतला. स्वतःची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची अक्षरांची ओळख, म्हटली, अगदी खणखणीत, एकही अक्षर न चुकता. "सगळ्यांना नमस्कार. हे स्टेशन आज बंद होतंय. मी बरा आहे. कोणी ऐकत असाल तर बोला."

बटण सोडलं. नुसती खरखर, तीही हलकी.

पुन्हा बोलावलं. पुन्हा खरखर. जालन्याच्या मित्राला त्याच्या कॉलसाइननं हाक मारली. मग नांदेडच्या. माझ्याकडं न बघता म्हणाले, "वेळ तर हीच ना?"

"हीच."

अजून थोडा वेळ त्यांनी कान लावला. मग माइक सेटवर ठेवला. "कोणीच नाय रे तिकडं. काढ आता."

प्लग काढला तसा मी झाकणाकडं हात नेला. "थांब, मरशील! प्लग काढला म्हणून आतली वीज जात नसती." त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी दिली. तिच्या टोकाला तांब्याची तार, तारेचं दुसरं टोक अर्थिंगला. "डावा हात पाठीमागं. पाठीमागं म्हणलं ना! दोन्ही हात घातले की करंट छातीतून जातोय." मी एका हातानं काठी टेकवली. फाडकन ठिणगी उडाली. "परत टेकव. एकदा टेकवून निर्धास्त व्हायचं नसतं." सगळा डबा सुटा होईपर्यंत ते माझ्या मागं उभे होते. माझा पाठीमागचा हात त्यांनी स्वतःच्या हातात धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या काकांचा माझ्या मोबाइलवर फोन. "अण्णा कुठंय? काल आम्ही सगळे होतो, त्याचाच पत्ता नाय. बरा आहे ना?"

मी फोन अण्णांना दिला. ते ऐकत होते. "मी बोलावलं की तुम्हाला. लई वेळ बोलावलं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टेलिफोन खात्यातला माणूस. काय झालं असेल ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"अँटेना कधी उतरवली?"

"तुम्ही झोपला होता तेव्हा."

"मग सांगायचं ना, लेका. मी फोनवर सांगितलं असतं त्यांना."

रागावले नाहीत. त्यांनी फोनवर सगळ्यांची नावं घेऊन निरोप दिला, हसले, काकांना "तूच आधी जाशील बघ" असंही म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

दुपारी जेवताना त्यांनी घास हातात धरून विचारलं, "काल मी बोलावलं तर एकानंबी उत्तर दिलं नाय. सगळे गेले का रे?"

फोन ते विसरले होते. खरखर विसरले नव्हते.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. काकांना मी अधूनमधून फोन लावून देतो, त्या दिवसापुरतं बरं असतं. पण दिवसाआड अण्णा विचारतातच आणि दर वेळी मी सांगतो की ते सगळे होते, तार मी कापली होती, तुम्हाला न विचारता. कधी ते शिवी देतात. कधी म्हणतात, असू दे. काल बराच वेळ माझ्याकडं पाहून म्हणाले, "तू माझं मन राखायला सांगतोयस हे."

"नाही," मी म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.