कस्तुराचा नंबर

रहाटणीच्या त्या गल्लीत भिवाकाका वेळेवर आले असं कुणालाच आठवत नाही, कारण ते कायम आधीच येऊन बसलेले असतात. लग्न साडेबाराचं असलं तर हे अकराला हजर. मांडववाला अजून खुर्च्या उतरवत असतो, आणि भिवाकाका त्याला हात लावू लागतात. चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला चौतीस वर्षं काढली, एकदाही लेट मार्क नाही. फर्स्ट शिफ्टची बस पावणेसहाला यायची, हे सव्वापाचला स्टॉपवर. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी खोड गेली नाही. दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात कुठंही नंबर लावायचा असला की शेजारीपाजारी ते काम त्यांच्याच गळ्यात घालतात, आणि हा भला माणूस तासन्‌तास उभाही राहतो.

मुलगी साक्षी नेमकी उलटी, सदा घाईत. ती पिंपळे सौदागरमधल्या एका छोट्या कंपनीत ऑनलाइन गेमच्या गोष्टी लिहिते. हे काम बापाला समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते.

"म्हणजे गेम दुसरी पोरं बनवणार, आन्‌ तू त्यातली गोष्ट लिहिणार? त्याला हापिसात कशाला जायला लागतं?"

"पप्पा, गोष्ट नसली तर ती नुसती यानं इकडून तिकडं उडवणंच झालं ना."

"मग आता पण उडवतातच की," भिवाकाका म्हणाले होते. पण लेकीचं काम म्हणून त्यांनी बिल्डिंगच्या वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ते सांगितलं, आणि प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगितलं.

गेमचं नाव ‘ध्रुवपार’. अंतराळातली पाच कुळं, त्यांची यानं, त्यांची भांडणं. उल्केवरून खनिज खणून आणायचं, ते तळावरच्या मोठ्या चक्कीत दळून घ्यायचं, त्यातून इंधन निघतं, मग पुढचा प्रवास. चार कुळांच्या गोष्टी साक्षीनं एका महिन्यात हातावेगळ्या केल्या. पाचवं कूळ राखवाह्यांचं, विझलेल्या ताऱ्यांची राख उपसणाऱ्यांचं. तिथं तिची लेखणी अडली, आणि अडल्यावर तिनं घरातलं काढलं.

घरातलं म्हणजे आजीचं. भिवाकाकांची आई कस्तुरा, बार्शीकडच्या एका खेड्यातली. गावात पिठाची गिरणी एकच, आणि त्या गिरणीत कस्तुराचं दळण सगळ्यांच्या शेवटी. नुसतं शेवटी नाही. तिच्यानंतर कुणीही आलं तरी ते पुढं जायचं आणि तिचा नंबर मागं. तिच्या ज्वारीनंतर जातं बाटतं, असं गावाचं म्हणणं. सकाळी डोक्यावर डबा घेऊन गेलेली बाई दिवेलागणीला पीठ घेऊन परत यायची, कधी तशीच ज्वारी घेऊन परत यायची. पाच-सात वर्षांचा भिवा तिच्या शेजारी पायरीवर बसलेला असायचा. साक्षीनं हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्या गिरणीचा पट्टा कुठून फाटला होता तेही सांगता आलं असतं.

तिनं गिरणीची चक्की केली आणि कस्तुराचं कूळ केलं. राखवाह्याचं यान चक्कीपाशी लागलं आणि मागून दुसऱ्या कुळाचं आलं, तर राखवाह्याचा नंबर मागं. कारण राखेच्या खनिजानं चक्की बाटते.

गेमचे नियम निरंजनकडे. साताऱ्याचा, मोकळ्या स्वभावाचा, भांडला तरी चहा पाजणारा. त्यानं कपाळाला हात लावला.

"साक्षी, गोष्ट म्हणून झकास आहे. पानावर लिही, लोक वाचतील. पण नियमात कशाला? माणूस दिवसभर शिफ्ट करून येणार, गेम उघडणार, आणि आपण त्याला रांगेत उभं करणार? चक्कीला काय ठाऊक यानाचा मालक कोणत्या कुळातला आहे?"

"गोष्ट नियमात उतरली नाही तर ती भिंतीवरचा रंग आहे," साक्षी तावातावानं म्हणाली. "राखवाह्यांवर अन्याय होतो असं नुसतं लिहायचं, आणि खेळायला बसलं की त्यांचं यान सगळ्यांसारखंच? मग ते खोटं झालं. खेळणाऱ्याला चटका बसला पाहिजे."

ती हे मनापासून म्हणाली होती. पोरांना कळू दे, एवढाच तिचा हेतू होता. पंधरा दिवस वाद चालला आणि निरंजननं हात टेकले. मग त्यानं सहज विचारलं, "पण हे तुला सुचलं कुठून गं? इतकं बारीक?"

इथं साक्षीला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या आजीचं आहे, एवढंच. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर एकानं तिचं आडनाव दोनदा विचारलं होतं, "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" असं गोड आवाजात पुढं विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या टेबलावर बसू लागला होता. तेव्हापासून ऑफिसात ती घरचं काही बोलत नसे.

"असंच," ती म्हणाली. "सुचलं."

"काय डोकं आहे!" निरंजन म्हणाला, आणि ते त्यानं सगळ्यांना सांगितलं.

गेम बाजारात आला. भिवाकाकांनी त्याच दिवशी मोबाइलवर घेतला. "छान हाय," एवढंच म्हणाले. कोणतं कूळ घेतलं, हे साक्षीनं विचारलं नाही. बाप आपला आवडीनं दोन-चार यानं उडवत असेल, असं धरून चालली.

महिन्याभरानं मीटिंगमध्ये निरंजननं पडद्यावर आकडे लावले. राखवाह्यांचं कूळ घेतलेली माणसं सरासरी अकरा मिनिटांत कूळ बदलत होती. त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या कुळांतल्या काही टोळक्यांना नवाच खेळ सापडला होता. चक्कीपाशी राखवाहा दिसला की एकेक यान मुद्दाम पाठवायचं आणि त्याला मागं सारत राहायचं. त्यांना इंधन नको असायचं, मजा हवी असायची.

"चटका बसतोय, पण भलत्यालाच," निरंजन म्हणाला. "आणि हा एक नग बघा. महिन्यात एकशे बारा तास चक्कीपाशी उभा. कूळ बदलत नाही, कुणावर गोळी झाडत नाही, नुसता उभा! कोण असेल हा बिचारा?"

खोली खदखदून हसली. पडद्यावर यानाचं नाव होतं ‘कस्तुरा’.

साक्षी पण हसली. सगळ्यांच्या बरोबरीनं, दात दाखवून. त्या दुपारी जेवणाचा डबा तिनं उघडलाच नाही.

घरी आई मंजुळाबाईंनी दारातच गाऱ्हाणं घातलं, "रोज सकाळी दहा वाजले की मोबाइल घेऊन बसत्यात. दोनपातुर हलत न्हाईत."

भिवाकाका खिडकीशी बसले होते. साक्षी शेजारी बसली.

"पप्पा, तुम्ही राखवाहे घेतलेत?"

"मग? आपलं सोडून दुसऱ्याचं घेऊ व्हय? दहा ते दोन गर्दी कमी असते. कधी कधी नंबर लागतो." मग ते हसले. "चार पोरं हायत, मला बघितलं की आलटून पालटून येत्यात."

"राग नाही येत?"

"येतो की. आईला पण यायचा."

"मग बंद का नाही करत?"

"तिला कुठं बंद करता यायचं?" भिवाकाका म्हणाले. हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की साक्षीला वर बघवेना. "लय बारीक लिहिलंस पोरी. त्या पायरीवर मला बसवलंस परत. तुझ्या हापिसातल्यांना सांगितलंस ना, कुणाची गोष्ट हाय ती?"

"हो," साक्षी म्हणाली.

"मग काय म्हणले?"

"म्हणाले... ग्रेट होत्या तुझ्या आजी."

भिवाकाकांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी जेवताना त्यांनी आईबद्दलची ती ओळ तीनदा मंजुळाबाईंना ऐकवली. ग्रेट होत्या म्हणले. इतकं स्वस्त खोटं साक्षी आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि इतकं महाग कुणी घेतलंही नव्हतं.

पुढं जे झालं ते तिला टाळता आलं असतं. कंपनीनं खेळणाऱ्यांचा एक छोटा मेळावा ठरवला आणि निरंजननं हट्टानं ‘कस्तुरा’वाल्याला गेममधूनच निरोप धाडला. भिवाकाका हरखले. "मी तुझा बाप हाय हे आधी सांगू नगस. तिथंच सांगू, मजा येईल." नका येऊ, हे शब्द साक्षीच्या ओठांपर्यंत तीन वेळा आले. पण का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

शनिवारी चारचा कार्यक्रम. भिवाकाका तीनलाच ऑफिसखाली वॉचमनशेजारी येऊन बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ऑफिसच्या गच्चीवर चाळीसएक माणसं जमली. निरंजननं त्यांना हाताला धरून पुढं आणलं आणि माइक दिला.

"काका, एकशे बारा तास! का थांबलात एवढे, सांगा ना सगळ्यांना."

भिवाकाकांनी घसा साफ केला. लेकीकडे बघून हसले. "त्याचं असं हाय, माझी आई..."

"एक मिनिट काका," निरंजन उत्साहानं मधे बोलला, "आधी ओळख करून देतो. ही साक्षी. राखवाह्यांची गोष्ट हिची. मी हिच्याशी पंधरा दिवस भांडलो की असलं नियमात आणू नकोस. आज तुम्हाला बघून कबूल करतो, मी हरलो. आणि गंमत म्हणजे सगळं हिच्या डोक्यातून आलेलं. असं कधी कुठं घडलेलं नाही, हिनं नुसतं बसल्या जागी रचलं! हां, तुमच्या आई, त्यांचं काय सांगत होतात?"

भिवाकाकांनी साक्षीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. एवढं त्यांना पुरलं. चौतीस वर्षं सुपरवायझरचा नुसता चेहरा बघून दिवस कसा जाणार ते ओळखणारा माणूस तो.

"आईचं काय न्हाई," ते म्हणाले. "आईच्या नावावरनं यानाचं नाव ठिवलं, एवढंच. मी आपला रिटायर माणूस. वेळ जात नव्हता, म्हणून थांबलो."

गच्ची हसली, टाळ्या पडल्या.

"मग नियम ठेवू की काढू?" निरंजननं विचारलं.

"त्या बाईंना विचारा. त्यांनी रचलंय."

भेट द्यायला साक्षीलाच पुढं केलं. कंपनीचा टी-शर्ट आणि एक चषक. भिवाकाकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, किंचित वाकले आणि म्हणाले, "थँक्यू मॅडम."

आत्ता बोल, असं साक्षीचं तिलाच ऐकू येत होतं. हे माझे वडील आहेत, एवढं म्हण. पण तोवर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं आणि ती भेटींचा ट्रे घेऊन सरकली होती.

पाच मिनिटांनी ती धावत खाली गेली. भिवाकाका स्टॉपवर होते, चषक टी-शर्टात गुंडाळून.

"पप्पा, मी आत्ता वर जाऊन सांगते. सगळ्यांना सांगते."

"नगं."

"मला लाज वाटते हो पप्पा माझीच. मी सांगणार."

"आता सांगू नगस," भिवाकाका हळू म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आधी सांगितलं असतंस तर गोष्ट निराळी. आता चाळीस माणसांपुढं मी न्हाई म्हणून बसलोय. तू सांगितलंस तर मी खोटा पडतो. आईला न्हाई म्हणणारा म्हणून."

"मग नियम तरी काढायला लावते."

"लाव की. का काढायचा विचारतील. काय सांगशील?"

बस आली. भिवाकाका चढले, खिडकीपाशी बसले आणि तिला हातानंच वर जा म्हणून खुणावलं. फोन वाजला. निरंजन होता. "अगं, आहेस कुठं? केक कापायचाय, तुझ्याशिवाय कसा कापणार?"

या सगळ्याबद्दल साक्षीला बऱ्याच गोष्टींची लाज वाटते. सुचलं म्हणाल्याची, पडद्यावरचं नाव बघून हसल्याची, बापाला दोन हातांनी वाकू दिल्याची. पण सगळ्यांत जास्त वाटते ती त्यानंतरची. बस वळणापलीकडे जाईपर्यंत ती उभी राहिली, ओढणीनं तोंड पुसलं, आणि ती वर गेली. सुरी तिच्याच हातात दिली होती, आणि फोटोत ती हसते आहे.