तीनदा पडला की गिरणी बंद

इंझोरीच्या पिठाच्या गिरणीवर पुंजाजी मोटर पाहे. गिरणी पदमचंद शेठची, पन तिथं हुकूम चाले पुंजाजीचा. मोटरवर जोर आला की भिंतीवरचा स्टार्टर खट्कन पडे, म्हंजे आपोआप बंद होये, अन् गिरणी थांबे. दुसरा कोनी असता तं बटन दाबून मोकळा झाला असता. हा बुवा नाई! आधी इचारे, "काहून पडला?" लाईन गेली, पट्टा अडकला, का मोटर तापली, ते पाहून खडूनं भिंतीवर लिहे, मंगच बटन दाबे. अन् कारन न सापडता तीनदा पडला, तं गिरणी बंद. आमी बाया डब्बे घेऊन उभ्या, पाय दुखून राह्यले, अन् हा मोटरीची नाडी पाहून राह्यला! लय राग ये बाप्पा.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेठच्या पोरीचं लग्न. शेठाणी जतनबाई दोन पोते गहू घेऊन सोता आल्या. गहू टाकला, खट्! पुंजाजीनं लाईन पाहिली, पट्टा पाहिला, सारं ठीक. बटन दाबलं, पुन्हा खट्. तिसऱ्यांदाबी खट्.

"झालं. आता बंद," पुंजाजी म्हने.

निरोप गेला तसे शेठ तणतणत आले. "अरे, पाव्हने येऊन राह्यले, अन् तू बंद म्हनतो? दाब बटन!"

"कारन सापडलं नाई शेठजी. मोटर जळन."

"दाब, नाई तं उद्यापासून येऊ नको."

त्याच्या घरी चार लेकरं. 'दाब ना रे बाबा,' मीच पुटपुटली. पन तो स्टार्टरले पाठ लावून उभा राह्यला.

"काम काढून घ्या. मोटर जाळू देत नाई."

मंग पाना घेऊन त्यानं जात्याचा वरचा दगड खोलला. खाली वाकडातिकडा लोखंडी खिळा!

जतनबाईचा चेहरा उतरला. "मीच टाकला पोत्यात... लग्नाच्या गव्हाले नजर लागू नये म्हनून."

आमी तोंडात पदर कोंबून हसून राह्यलो. घंट्या-दोन घंट्यात पीठ झालं. जाता जाता शेठ नरमले, "उद्या ये बरं कामावर."

"उद्या कसा येऊ?" पुंजाजी म्हने. "मालकाच्या घरी लग्न हाय. जेवाले जा लागते."

शेठनं त्याले बोलावलंच नव्हतं, हे साऱ्या गावाले माहीत. आमचं हसू थांबलं. शेठ खाली पाहून राह्यले.

"बायको-लेकरं घेऊन ये," जतनबाई म्हनल्या. "पयल्या पंगतीले बस."

अन् तो बसला.