मोहिद्दीनभाईंची नवी विंडोज

विट्यात एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत मोहिद्दीनभाई लग्नपत्रिका करून देतात. पंचवीस वर्षं झाली. पत्रिका करणारे आता पैशाला पासरी झालेत, तरी कडेगाव-खानापूरकडची जुनी घरं अजून त्यांच्याकडेच येतात. नुसती छपाई काय, कुणीही करून देईल. पण निमंत्रकांच्या यादीत कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं, हे भाईंना ठाऊक असतं. आमच्याकडं या यादीवरून माणसं मांडवात फुगून बसतात, जेवत नाहीत, पुढची दहा वर्षं बोलत नाहीत. नाव एक ओळ खाली गेलं तरी पुरतं. म्हणून गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरल्याच्या पत्रिकेसारखीच करा. भाई जुनी फाइल उघडतात, नवरा-नवरी बदलतात आणि यादी तशीच ठेवतात.

अशा चार हजार फाइली एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर होत्या. त्यात विंडोज सेव्हन. कीबोर्डवरची अक्षरं पार पुसलेली, पण भाईंची बोटं न बघता चालायची. बाकी सगळीकडं मात्र अडायला लागलं होतं. इंटरनेटनं केव्हाच हात वर केले होते. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर मोबाइल डाव्या हातात धरून पुन्हा टाइप करायचा, आणि तयार पत्रिका पेनड्राइव्हवर घालून सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची, असा कारभार. त्यात सांगलीच्या छापखान्यानं सांगून टाकलं की तुळशीच्या लग्नानंतर जुन्या फॉन्टमधल्या फाइली आम्ही घेणार नाही.

मुलगी सुमैरा कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. ती दोन वर्षं नव्या विंडोजसाठी मागं लागली होती. भाईंचं उत्तर ठरलेलं, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? खरं कारण वेगळंच होतं. शेजारच्या फोटोवाल्या दादासोनं नवी विंडोज टाकताना भलतंच बटण दाबलं आणि लोकांची बारशी, साखरपुडे सगळं पुसून बसला. तेव्हापासून भाईंनी धसका घेतला होता. याद्या गेल्या तर आपल्यात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यात फरक काय राहिला, असं त्यांना वाटे.

अखेर एका रविवारी ते कबूल झाले. सुमैरानं सगळ्या फाइली एक सोडून दोन डिस्कवर उतरवून घेतल्या, जुनं पुसलं, नवी विंडोज घातली. मशीन इतकं चटकन सुरू झालं की भाईंनी खुशीत चहा मागवला. मग तिनं पहिली फाइल उघडली. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तोच चिवडा. फाइली शाबूत होत्या, पण त्या ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या तो फॉन्ट उतरवून घ्यायचा राहून गेला होता. सुमैराच्या ऑफिसात सगळं काम इंग्रजीत. मराठी अक्षरं वेगळी सांभाळावी लागतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि तो फॉन्ट देणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळून बारा वर्षं झाली होती. भाईंचा चहा तसाच निवला.

जुना मजकूर नव्या मराठी फॉन्टमध्ये फिरवणारा एक प्रोग्राम सुमैराला सापडला. पण एकेक फाइल हातानं टाकायची होती. तिनं आठवड्याची रजा काढली.

सोमवारी सकाळीच हंबीरराव आले. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. नात क्रांतीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. थोरल्या नातवाच्या, ऋषिराजच्या पत्रिकेसारखीच करा, म्हणाले. आता फाइलींना भाईंनी नुसते आकडे दिलेले. ऋषिराजची कुठली, हे चार-दोन उघडून बघितल्यावरच त्यांना कळायचं. आणि उघडावं तर चिवडा.

"आबा, तुमची भावकी माझ्याकडनं हरवली," भाई खाली बघून म्हणाले.

जुनी पत्रिका हंबीररावांच्याही घरी उरली नव्हती. सुमैरानंच मग खुर्ची ओढली आणि अब्बांना म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. जमायचं नाही म्हणता म्हणता भाई डोळे मिटून सांगू लागले. आधी रंगूबाई, कारण घरात सगळ्यांत थोरली तीच, आणि एकदा तिचं नाव खाली गेलं तर ती हळदीला आली नव्हती. मग मानसिंगराव. त्यांच्या नावाआधी कैलासवासी लाव, त्यांच्या उत्तरकार्याचं कार्ड मीच केलंय. हंबीरराव बोटांवर मोजत होते. सत्तेचाळीस नावं झाली. ऋषिराजच्या वेळी अठ्ठेचाळीस होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण राहिलं कोण, ते त्यांनाही आठवेना आणि भाईंनाही. भाईंचं तोंड एवढंसं झालं. फाइल गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्या डोक्यातूनही माणूस निसटतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ते मनातून घाबरले.

बुधवारी दुपारी ऋषिराजची फाइल फिरवून झाली. राहिलेलं नाव बिरदेवचं होतं. हंबीररावांचा मावस मेहुणा, महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारा. सुमैरानं शोधाच्या चौकटीत ते नाव टाकलं, तर आणखी तीन घरांच्या पत्रिका समोर आल्या, सगळ्यांत बिरदेव. जुन्या मशीनवर असं कधी शोधता आलं नव्हतं. भाईंनी स्वतः एका बोटानं, नव्या फॉन्टमुळे जागा बदललेली अक्षरं हुडकत हुडकत, रंगूबाईंचं नाव टाकलं. नऊ पत्रिका आल्या. मग दुपारभर ते एकेक नाव टाकत बसले. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता.

संध्याकाळी सुमैरा उठायला लागली तसं त्यांनी तिला थांबवलं. कोण कुणाच्या वर आणि का, ते मी सांगतो, तू प्रत्येक घराच्या यादीखाली लिहून ठेव, म्हणाले. आजवर त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

शनिवारी हंबीरराव पत्रिका न्यायला आले. यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले, बिरदेवपाशी थांबले आणि मान हलवली. मग एवढ्या खटाटोपाचा फायदा झाला का, म्हणून त्यांनी विचारलं.

"बोटं पहिलीतल्या पोराची झाली, आबा," भाई म्हणाले. "पाच मिन्टाच्या कामाला अर्धा तास लागतोय. पण मागल्या म्हैन्यात मी मेलो असतो तर तुमची भावकी माझ्यासंगंच कबरीत गेली असती. आता न्हाई जायची. सुमैराला सगळं ठावं हाय."

हंबीररावांनी गठ्ठा काखेत मारला.

"आवं, पर घाई करू नगा," ते म्हणाले. "माझ्या अजून दोन नाती लग्नाच्या हायत."