पाचव्या महिन्यातलं डोहाळजेवण

आमच्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात. माझ्या भावजयीचं आम्ही पाचव्यातच उरकलं, कारण वकिलाला फोटो हवे होते.

भावाला भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, याची केस इथं अमेरिकेत, फिनिक्सच्या कोर्टात चालू होती. खास बाब म्हणून जामीन मिळाला होता, पण घोट्याला जीपीएसचा पट्टा. वकील म्हणाला, बायको, होणारं मूल, हे जज बघत नाही. बघितलंच तर नंतर शेवटचा निर्णय घेणारे वॉशिंग्टनचे अधिकारी बघतील. त्यांच्यासाठी फॅमिली लाइफ दिसेल असा अल्बम तयार ठेवा.

गुन्ह्यात गुंतागुंत काही नव्हती. सुट्टीत नागपूरला गेलेला असताना भावानं एका रात्री मित्राच्या गाडीनं सायकलवरच्या एका दूधवाल्याला उडवलं. थांबला नाही. घरात कुणाला काही न बोलता ठरल्या विमानानं परत आला. दूधवाला सकाळपर्यंत जिवंत होता. वेळेवर आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्याला दोन शाळकरी मुलं.

आमचे बाबा ऑटो चालवायचे. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं की सवारी उतरवून आधी त्याला दवाखान्यात न्यायचे. सीटवरचं रक्त आई धुवायची. त्या ऑटोवर मी शिकले, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. मग भावाला मी शिकवलं, अमेरिकेत मीच आणलं. तोंडावर खरं बोलणारी म्हणून आम्ही राहतो त्या चँडलरच्या मराठी मंडळींत माझी ख्याती आहे, आणि ती मला आवडते.

तर घरामागच्या पॅटिओतला झोका सजवला. इथल्या उन्हात खरी फुलं तग धरत नाहीत, म्हणून दागिने कागदी फुलांचे. भावजयीसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बर्फीच निघू दे गं, मुलगी होऊ दे. मुलगे काय दिवे लावतात ते बघतोच आहोत." आणि त्यांनी जीभ चावली. भावजय हसली, कारण कॅमेरा चालू होता.

व्हिडिओ कॉलवर आई नटून बसली होती. बाबा काही समोर आले नाहीत. नुसता आवाज आला, फोन पोरीकडे दे म्हणून. मी किचनमध्ये गेले.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "कोर्टाला म्हणावं, मी जातो. त्यानं स्वतःहून यावं. पोलीस ठाण्यात मी सोबत जाईन. सूनबाईला, बाळाला आम्ही सांभाळू."

भावाला आत बोलावून मी शब्द न बदलता निरोप दिला. रेशमी धोतर नेसून तो फ्रिजला टेकून उभा होता.

"ताई, तू काय म्हणतेस?"

मी जा म्हटलं असतं तर तो गेला असता. लहानपणापासून माझा शब्द त्यानं कधी मोडलेला नाही. काय बरोबर आहे ते मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. बाहेरून हाका येत होत्या, बाळाच्या बाबांना पाठवा, झोक्यावर जोडीचा फोटो राहिलाय.

"धोतर खाली ओढ," मी म्हणाले. "पट्टा दिसतोय."

फोटो चांगले आले. एकातही पट्टा दिसत नाही. वकिलाला पाठवण्याआधी मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला होता.