जोशींचं कोपर

सासूबाईंनी माझ्या शब्दावर आयुष्यात एकदाच विश्वास ठेवला, आणि तो बेसबॉलच्या बाबतीत होता. आपण बेसबॉलबद्दल बोलतोय, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

लंडनजवळच्या वॉटफर्डला येण्याआधी कंपनीनं मला काही वर्षं अमेरिकेत धाडलं होतं. तिथून येताना लोक परफ्युम आणतात, बॅगा आणतात. मी एक हरणारी बेसबॉल टीम घेऊन आलो! ही टीम इतक्या नेमानं हरायची, की तिच्या मॅचेस बघण्यात अर्थच नव्हता. म्हणून मी तिच्या खालच्या पोरांकडे डोळे लावून बसायचो. बेसबॉलमध्ये मोठ्या टीमच्या हाताखाली शाळेच्या इयत्तांसारख्या छोट्या टीम असतात: सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. पोरं एकेक इयत्ता चढत वर येतात, किंवा (आमच्या टीमची तरी बहुधा) नापास होऊन घरी जातात. एप्रिलमध्ये सीझन सुरू व्हायचा आणि पहिल्याच आठवड्यात कुणी दोन बरे चेंडू टाकले, की मी घरात जाहीर करायचो, "हा पुढचा सुपरस्टार!" (मे महिन्यात मी त्याचं नाव काढत नसे.)

घरात कुणी ऐकत नसल्यामुळे हे सगळं मी शिरीषला सांगायचो. शिरीष अमेरिकेत माझ्याच प्रोजेक्टवर होता, आता कार्डिफला नोकरी करायचा. चांगला, शिकलेला, तिशी उलटलेला, अविवाहित. त्या टीमचे अख्ख्या ब्रिटनमध्ये दोनच चाहते असावेत, आणि दोघंही पुण्याचे. दर रविवारी सकाळी चहा घेत आमचा फोन चालायचा. पोरांना आम्ही मराठी नावं ठेवली होती. जोश नावाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, तो आमचा 'जोशी'. केली म्हणजे 'केळकर'. पेरेझ म्हणजे 'परांजपे'. परक्यांच्या पोरांवर एवढा जीव लावायचा, तर ती निदान आपल्यातली तरी वाटायला हवीत!

त्या वर्षी एप्रिलमध्ये सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सोबत मेतकूट, लोणचं आणि एकच ध्यास: धाकट्या मुलीचं लग्न. धाकटी म्हणजे मुग्धा, मँचेस्टरला एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. तिनं आजवर आलेली सगळी स्थळं एका वाक्यात झटकली होती. ("आई, त्याचं पोश्चर बघ.")

तर एका रविवारी मी किचनच्या दारात उभा राहून फोनवर बोलत होतो, आणि आत सासूबाई मेथी निवडत होत्या.

"जोशी एकदम बेस्ट आहे रे!" मी म्हणालो. "उंची बघ ना, सहा फूट पाच! डावखुरा आहे, पण तेच तर हवं असतं सगळ्यांना. कोपराचं ऑपरेशन झालंय, तेवढीच धाकधूक. सध्या डबल-ए. यंदा ट्रिपल करेल बघ... केळकर? तो हुशार आहे, पण परांजपेचं काही खरं नाही. हातात आलेलं सोडतो."

आत मेथी निवडायची थांबली होती. मला कळलं नाही. (मला काय काय कळलं नाही, हे पुढे येईलच.)

दुपारी जेवताना माझ्या ताटात तुपाची धार पडली. मग आणखी एक. कोलेस्टेरॉलवरून मला दर जेवणाला व्याख्यान देणाऱ्या बाई!

"मिलिंदराव," त्या हळूच म्हणाल्या, "ते जोशी कसे आहेत हो?"

माझा घास हातातच राहिला. लग्नाला सात वर्षं झाली, पण बायकोनं, अनघानं, कधी माझ्या एका खेळाडूची चौकशी केली नव्हती. आणि इथे साक्षात सासूबाई! त्यांना खेळाची गोडी लागली, या आनंदात मी सुटलो.

"आई, हिरा आहे हिरा! मी लोकांच्या आधी हेरून ठेवलाय."

"शिकलेत किती? डबल एम.ए. म्हणत होतात ना?"

"डबल-ए. पण वर्षभरात ट्रिपल नक्की!"

"बाई बाई! किती शिकायचं ते," सासूबाई गहिवरल्या. "आणि केळकर?"

"केळकरची खासियत म्हणजे चोरी." (बेसबॉलमध्ये समोरच्याचं लक्ष नसताना पुढच्या टप्प्यावर पळ काढण्याला चोरी म्हणतात. हा कंस मी तेव्हाच उघडायला हवा होता.)

"चोरी?"

"अहो, रोज करतो! अजून एकदाही सापडला नाही."

"आणि... घरचे काही बोलत नाहीत?"

"घरचे तर उभे राहून टाळ्या वाजवतात!" (घरच्या मैदानावरचे प्रेक्षक, अर्थात.)

सासूबाईंनी केळकरांना मनातल्या मनात नारळ दिला असावा. "नको. जोशीच बरे," त्या म्हणाल्या. "मग त्यांना बोलावताय कधी?"

"बोलावतील हो वर, सप्टेंबरपर्यंत. नाहीतर मग त्याच्या बदल्यात दुसरे दोघं घेऊन टाकतील."

"दोघं?!"

"तिकडे तसाच रिवाज आहे, आई." (एक खेळाडू देऊन दुसऱ्या टीमचे दोन घेणं, हा तिथला नेहमीचा सौदा.)

सासूबाईंनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. सप्टेंबरपर्यंत थांबलो तर हा मुलगा हातचा जाणार, एवढं त्यांना पक्कं कळलं. त्यानंतर आठवडाभर त्या घरात गुणगुणत हिंडत होत्या. मला रोज डब्यात गोडाचं मिळत होतं आणि मी ऑफिसात सांगत होतो, की सासूला जिंकायचं असेल तर खेळाबद्दल बोलावं. इकडे पुण्याला फोन गेले होते. वॉटफर्डच्या महाराष्ट्र मंडळातल्या देवधर काकूंच्या कानावर घातलं गेलं होतं (म्हणजे थेट लंडनच्या हॅरोपर्यंत पोचलं होतं!). "अगं, उंच, गोरे, ट्रिपल एम.ए. आणि कोकणस्थ! आमच्या जावयांनी शोधलं." शनिवारी जेवायला मुग्धाला मँचेस्टरहून बोलावणं गेलं, आणि मध्यस्थ म्हणून शिरीषला कार्डिफहून. शिरीषला का बोलावलं, असं मी विचारलं, तर सासूबाई लाजून म्हणाल्या, "जोशींबद्दल सविस्तर बोलायचंय." मला भरून आलं. घरात तिसरा चाहता तयार होत होता!

शनिवारी मी स्टेशनवर गेलो, तर दोघंही मँचेस्टरच्याच गाडीतून उतरले. कार्डिफचा माणूस मँचेस्टरच्या गाडीत काय करत होता? हा प्रश्न कुणालाही पडला असता. मी विचारलं, "शिऱ्या, जोशीच्या कोपराचं काही कळलं का?"

घरी पाहतो तर मटार उसळ, कोथिंबीर वडी, श्रीखंड, नवीन टेबलक्लॉथ आणि पैठणीतल्या देवधर काकू. पहिली वडी तोंडात जाते न जाते, तोच काकूंनी शिरीषला धरलं.

"जोशींच्या घरी कोण कोण असतं?"

शिरीषला वाटलं, खरंच आवड आहे. "आईवडील आहेत, काकू. वडील ट्रक चालवतात."

सासूबाईंची वाढपाची पळी थबकली. "ट्रक?"

"हो, नेब्रास्कात."

"हे रत्नागिरीच्या अलीकडे की पलीकडे?" काकूंनी विचारलं.

"फोटो आहे ना त्याचा!" मी उत्साहानं उठलो आणि लॅपटॉप थेट श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी ठेवला.

पडद्यावर जोशी अवतरले. सहा फूट पाच इंच, छातीपर्यंत लाल दाढी, गालात तंबाखूचा भला मोठा तोबरा, आणि नेमके पिचकारी मारताना टिपलेले.



"हे... जोशी?" सासूबाई म्हणाल्या.

"गेल्या मॅचला अकरा जणांना बाद केलं यानं!" मी म्हणालो.

अनघा आपल्या आईसमोर मला 'अहो' म्हणते. तेव्हा विसरली. "अरे मिलिंद! आई स्थळ समजत होती!"

"कुणासाठी?"

"मुग्धासाठी! आणखी कुणासाठी?"

मग मुग्धा उसळली. "आई! ड्यूटी बदलून, चार तास प्रवास करून मी या माणसासाठी आले?"

"मला काय ठाऊक गं!" सासूबाई रडवेल्या झाल्या. "पुण्यात सगळ्यांना सांगून बसलेय मी. आता काय तोंड दाखवू? तू कुठलंच स्थळ धड बघत नाहीस..."

"कारण माझं ठरलंय!" मुग्धा म्हणाली आणि श्रीखंडाचा चमचा तिनं सरळ शिरीषकडे रोखला.

सगळे शिरीषकडे बघू लागले. शिरीष लॅपटॉपकडे बघू लागला, जणू जोशी आता त्याच्या बाजूनं दोन शब्द बोलणार होते.

"कधीपासून?" अनघानं विचारलं.

"दीड वर्ष," मुग्धा माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्हीच नाही का याला माझा नंबर दिलात? जोशीच्या कोपराबद्दल फिजिओला विचार म्हणून!"

दिला होता. अगदी काळजीनं दिला होता. त्यानंतर शिरीष कोपराची इतकी बारीक माहिती सांगायला लागला, की मला त्याच्या अभ्यासाचं कौतुक वाटायचं. दर रविवारी फोन ठेवताना तो विचारायचा, "बाकी मुग्धा कशी आहे?" मी म्हणायचो, "ठीक असेल रे. परांजपेचं बोल!"

सासूबाई बराच वेळ शिरीषला न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि त्याच्या वाटीत श्रीखंड वाढलं.

"तुमचं कोपर नीट आहे ना?"

"हो, काकू."

"चोऱ्या?"

"नाही हो, काकू!"

"पोश्चर मी सुधारून घेईन, आई," मुग्धा म्हणाली, आणि देवधर काकू हसता हसता पैठणीवर वडी पाडून बसल्या.

दिवाळीनंतर पुण्यात लग्न झालं. जोशी वर आले नाहीत. ऑगस्टमध्येच खेळ सोडून वडिलांच्या ट्रकवर बसले, असं ऐकलं. केळकर एकदाचे पकडले गेले. परांजपेंनी हातातलं करिअर सोडलं.

माझी कीर्ती मात्र सासूबाईंच्या माहेरापर्यंत पसरली. आता तिकडे कुठल्याही मुलीसाठी स्थळ आलं, की आधी मला फोन येतो, मुलाची सगळी माहिती सांगतात आणि आदरानं माझं मत विचारतात. मी मनापासून विचार करून म्हणतो, "मुलगा मला एकदम पसंत आहे." आणि त्याच संध्याकाळी त्या मुलाला नकार कळवतात.